सोलापुरात एमएससोबत राहताना: घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि मंडळांनी काय करायचं

सकाळी घरातलं सगळं आवरणारी सून दुपारी चार पायऱ्या चढता चढता कठड्याला धरून उभी राहते आणि मागून आवाज येतो, "सकाळी तर चांगली होती की!" एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस झालेल्या माणसाला हे वाक्य आजाराइतकंच छळतं. सकाळी ती खरोखरच चांगली होती, आणि दुपारी खरोखरच पाय उचलत नाहीत. या आजारात दोन्ही एकाच दिवसात घडतं.

जनजागृती म्हटलं की आपल्याकडे फेरी निघते, टोप्या वाटल्या जातात, वर्तमानपत्रात फोटो येतो. माझ्या मते सोलापुरात दोन गोष्टी साधल्या तरी पुष्कळ झालं. पहिलं लक्षण दिसल्यावर माणूस लवकर मेंदूविकारतज्ज्ञापर्यंत पोचावा, आणि निदान झाल्यावर घरच्यांनी त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा. पुढचं सगळं याच दोन गोष्टींसाठी आहे.

आधी आजार समजून घ्या

मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांमधल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण असतं. त्यामुळे मेंदूचे संदेश वेगाने जातात. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या आवरणावर हल्ला करते. जिथे आवरण जातं तिथे संदेश मंदावतो किंवा अडतो. हल्ला डोळ्याच्या नसेवर झाला तर नजर धूसर होते, मज्जारज्जूवर झाला तर पाय जड होतात किंवा लघवीचं तंत्र बिघडतं. म्हणून दोन रुग्णांची कहाणी सहसा सारखी नसते.

फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं. आज जगात सुमारे २९ लाख लोकांना तो आहे. बहुतेकदा तो २० ते ४० या वयात सुरू होतो आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दोन ते तीन पट आढळतो. तो संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवून होत नाही, नजर लागून होत नाही. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांना होण्याची शक्यता थोडी वाढते, पण अशा बहुतेक मुलांना तो होत नाही. सोयरीक जुळवताना हे वाक्य ज्यांच्या कानावर घालायला हवं, त्यांच्यापर्यंत ते क्वचितच पोचतं.

पायरी पहिली: कोणत्या तक्रारी अंगावर काढायच्या नाहीत

एका डोळ्याची नजर दोन-चार दिवसांत धूसर होते, डोळा फिरवला की दुखतो, लाल रंग फिका दिसतो. हे एमएसचं फार नेहमीचं पहिलं लक्षण आहे, आणि नेमकं हेच चष्म्याच्या दुकानात अडकतं. नंबर तपासला जातो, नवी काच बसते, महिनाभरात नजर आपोआप सुधारते आणि विषय संपतो. दोन वर्षांनी पाय बधिर होतात तेव्हा त्या डोळ्याची आठवणही कुणाला राहत नाही.

बाकीची लक्षणं अशी: पायापासून कमरेपर्यंत किंवा एका हातात बधिरपणा आणि मुंग्या, मान पुढे वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं वाटणं, छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्याचा भास, एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, लघवीची अचानक घाई किंवा लघवी अडकणं, आणि झोपूनही न जाणारा थकवा.

मुंग्या आल्या म्हणजे एमएस झाला असं अजिबात नाही. आपल्याकडे मुंग्यांमागे बहुतेकदा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह किंवा मणक्याचा त्रास निघतो. पाहायचं एवढंच: तक्रार २४ तासांपेक्षा जास्त टिकली का, काही दिवस किंवा आठवडे राहून गेली का, आणि आधी कधी शरीराच्या वेगळ्याच भागात असं काही झालं होतं का. तसं असेल तर तारखा एका वहीत लिहा आणि मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा. ती वही घेऊन बसलेल्या रुग्णाचं निदान डॉक्टरांना सोपं जातं.

पायरी दुसरी: तपासण्या, आणि त्यांची भीती

मेंदू आणि मणका या दोन्हींचा एमआरआय लागतो, अनेकदा शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देऊन. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी सांगितली जाऊ शकते. डोळ्यांच्या नसेची गती मोजणारी व्हीईपी नावाची तपासणी होते, ती अजिबात दुखत नाही. काही वेळा मणक्यातलं पाणी तपासतात.

या पाण्याचीच लोकांना सगळ्यात जास्त धास्ती. "पाणी काढलं आणि माणूस लुळा झाला" ही गोष्ट कुणीतरी सांगतंच. सुई कमरेत, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली घालतात. नंतर काहींचं डोकं दोन-तीन दिवस दुखतं, पडून राहिलं की बरं वाटतं. घाबरून तपासणी टाळली तर मात्र निदान लांबू शकतं.

एक प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा: "हे एनएमओ तर नाही ना?" एनएमओ आणि मॉग हे एमएससारखेच दिसणारे वेगळे आजार आहेत, आणि त्यांच्यासाठी रक्तातल्या अँटिबॉडीच्या तपासण्या असतात. एमएसची काही औषधं एनएमओच्या रुग्णाचा आजार वाढवतात, म्हणून फरक आधीच ठरलेला बरा. क्षयरोग आणि ब-१२ यांकडेही डॉक्टर लक्ष देतात. विचारायला लाजू नका, चांगल्या डॉक्टरला अशा प्रश्नाचा राग येत नाही.

सोलापुरात एमआरआय होतो, मेंदूविकारतज्ज्ञही आहेत. दुसरं मत हवं असेल तर लोक पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठतात. जाताना फिल्मसोबत एमआरआयची सीडी किंवा पेनड्राइव्ह न्या. पुढच्या प्रत्येक एमआरआयची तुलना या पहिल्याशी होणार असते, म्हणून तो कधीही टाकून देऊ नका.

पायरी तिसरी: औषधाची दोन खाती वेगळी ठेवा

एक खातं अटॅकचं. नवीन लक्षण आलं, २४ तास टिकलं, ताप नाही, जंतुसंसर्ग नाही, तर तो अटॅक असू शकतो. तेव्हा मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सलाईनमधून, साधारण रोज १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस देतात. त्याने बरं होणं लवकर होतं. झोप उडते, साखर वाढते, चिडचिड होते, हे घरच्यांना आधीच माहीत असलं तर त्या आठवड्यात भांडणं कमी होतात. तुमच्या तज्ज्ञाने फोनवर सांगितलं तर हे उपचार गावातल्या रुग्णालयातही होतात, प्रत्येक वेळी पुण्याला धावायची गरज नसते. मात्र आधीच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून स्टिरॉइड आणून स्वतःच सुरू करू नका.

दुसरं खातं रोजच्या किंवा ठरावीक काळाने घ्यायच्या औषधांचं. इंटरफेरॉन, ग्लॅटिरामर, डायमिथाइल फ्युमरेट, टेरिफ्लुनोमाइड, फिंगोलिमोड, रिटुक्सिमॅब, ऑक्रेलिझुमॅब ही नावं कानावर येतील. ही औषधं एमएस मुळापासून काढत नाहीत. ती पुढचे अटॅक कमी करतात आणि बऱ्याच रुग्णांत अपंगत्व लांबवतात. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरामर आणि रिटुक्सिमॅब यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. खर्चाचं बोलणं डॉक्टरांशी पहिल्याच भेटीत उघडपणे करा. सहा महिन्यांनी पैशांअभावी महागडं औषध बंद पडण्यापेक्षा परवडणारं औषध सलग चाललेलं चांगलं.

"आता बरं वाटतंय, मग गोळी कशाला?" हा प्रश्न प्रत्येक घरात एकदा येतो. बरं वाटतंय ते बऱ्याचदा त्या गोळीमुळेच. फिंगोलिमोडसारखं औषध अचानक सोडलं तर आजार उसळून येऊ शकतो.

औषध सुरू होण्याआधी घरात कुणाला क्षय झाला होता का, कावीळ कोणती झाली होती, मूल हवं आहे का, हे सगळं सांगा. टेरिफ्लुनोमाइड गरोदरपणात चालत नाही, फिंगोलिमोड दिवस राहण्याच्या दोन महिने आधी थांबवावं लागतं. एमएसमुळे मूल होत नाही हा समज चुकीचा आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अटॅक कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात. बाळंतिणीजवळ रात्री कोण थांबणार हे त्यामुळे आधीच ठरवून ठेवा.

आता काढ्यांविषयी. एमएसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती चुकीच्या जागी चालून आलेली असते. "इम्युनिटी वाढवा" म्हणत मावशी गुळवेलीचा काढा आणतात तेव्हा हेतू चांगलाच असतो. पण गुळवेलीच्या सेवनानंतर काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत, आणि एमएसच्या अनेक औषधांमध्ये यकृतावर आधीच लक्ष ठेवावं लागतं. मावशींना नाही म्हणायला अवघड जातं, तेव्हा डॉक्टरांचं नाव पुढे करावं.

फ्रिजमध्ये ठेवायचं इंजेक्शन असेल तर ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. मे महिन्यात दुकानातून घरी आणताना थर्मासचा डबा आणि बर्फाची पिशवी न्या, पण इंजेक्शन बर्फाला चिकटू देऊ नका. गोठलं तर तेही वाया.

पायरी चौथी: सोलापूरचं ऊन

इतर शहरांतल्या एमएसच्या माहितीपत्रकात उष्णतेवर दोन ओळी असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दोन ओळींत भागणार नाही.

मायलिन गेलेल्या मज्जातंतूतून संदेश कसाबसा जात असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो आणखी अडखळतो. नजर धूसर होते, पाय ओढतात, जीभ जड होते. जर्मन नेत्रतज्ज्ञ ऊटहॉफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवलं होतं. अंग थंड झालं की लक्षणं मागे जातात, आणि यात मज्जातंतूला नवी इजा होत नाही. कुटुंबाने हे एकदा समजून घेतलं की "नाटक करते" हा शब्द घरातून जातो. उन्हातून आल्यावर बसलेला पाय तासाभरात उठतो, याचं कारण हेच.

करायचं काय? बाजार, बँक, दवाखाना ही कामं सकाळी नऊच्या आत किंवा दिवेलागणीनंतर. आपल्या गावचा टॉवेल इथे कामाला येतो: ओला करून पिळा, मानेवर आणि खांद्यांवर टाका, सुकला की पुन्हा. हवा कोरडी असल्याने उन्हाळ्यात साधा पाण्याचा कूलर आपल्याकडे चांगला चालतो, मात्र खिडकी थोडी उघडी हवी. पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की त्याचा उपयोग कमी होतो. लाईट गेल्यावर चालणारा एक बॅटरीचा पंखा घ्या. पत्र्याची खोली असेल तर पत्र्याला वरून चुना किंवा पांढरा रंग मारा, आणि दुपारपुरती रुग्णाची खाट तळमजल्यावर हलवा. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडमध्ये काम असेल तर दुपारची पाळी बदलून मागणं हा पहिला उपाय, नोकरी सोडणं शेवटचा.

उष्णता उन्हातूनच येते असंही नाही. गॅससमोर सलग भाकऱ्या थापणं, थंडीतली कढत पाण्याची आंघोळ आणि ताप या तिन्हींनी तेच होतं. आठवडाभराच्या कडक भाकऱ्या एकाच बैठकीत करायचं घरचं वळण असेल, तर ते काम दुसऱ्या कुणीतरी घ्यावं. बधिर हाताला तव्याचा आणि गरम पाण्याचा चटका लगेच कळत नाही, म्हणून आंघोळीचं पाणी दुसऱ्याच्या हाताने तपासावं.

आता एक साखळी, जी आपल्याकडे दर उन्हाळ्यात घडू शकते. लघवीची घाई होते म्हणून बाई घराबाहेर पडताना पाणी प्यायचं सोडते. बाहेर धड स्वच्छतागृह नाही, त्यामुळे दिवसभर घोटभर पाण्यावर राहते. मग लघवीला जंतुसंसर्ग होतो, ताप येतो, आणि तापाने जुनी सगळी लक्षणं एकदम वर येतात. घरचे म्हणतात अटॅक आला, आणि स्टिरॉइडची घाई होते. खरं तर आधी थर्मामीटर लावायचा, लघवी तपासायची, आणि संसर्ग निघाला तर डॉक्टरांना विचारून त्याचं औषध घ्यायचं. अटॅक वाटला की पहिल्या तासात ताप मोजायचा, लघवी तपासायला द्यायची, मग डॉक्टरांना फोन. घाईच्या लघवीवर औषधं आणि व्यायाम आहेत. डॉक्टरांसमोर हा विषय सासऱ्यांच्या किंवा दिराच्या देखत निघत नाही, म्हणून तिला एकटीने बोलायला द्या.

आषाढीला पालख्या जिल्ह्यात येतात तेव्हा "मी पण चालणार" असा हट्ट होतोच. मोडून काढू नका. पहाटेचा छोटा टप्पा, सोबत एक जण, मागे गाडी, ओला टॉवेल. दमल्यावर गाडीत बसायचं हे निघण्यापूर्वीच ठरवा.

पायरी पाचवी: घरातली कामं नव्याने वाटा

एमएसचा थकवा आळसासारखा दिसतो, पण तो आळस नव्हे. सकाळी अंगात जेवढी ताकद असते तेवढीच दिवसभर पुरवायची असते. म्हणून सकाळच्या वेळेत महत्त्वाचं एकच काम ठेवा. काही दिवसांच्या अंतराने नळाला पाणी येतं तेव्हा पिंप भरणं, घागरी उचलणं हे काम या माणसाकडे नको, मग तो कितीही "जमतंय" म्हणाला तरी. बसून करायची कामं वेगळी काढा: हिशेब, मुलांचा अभ्यास, शेंगा सोलणं. सगळंच काढून घेतलं तर माणूस घरात पाहुणा होतो, तेही वाईट.

फिजिओथेरपीचा व्यायाम थंड वेळेत, थोडा, पण नियमित. बीडी-सिगारेट बंद, कारण धूम्रपानाने एमएस लवकर बळावतो. घरात दुसऱ्याने ओढणंही बंद.

एमएसमध्ये नैराश्य खूप आढळतं. "मन घट्ट कर" या सल्ल्याने ते जात नाही, त्यावर उपचार आहेत. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीतही बोलते. सोबत करणाऱ्या माणसालाही आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी मिळायला हवी. ती कोण देणार, त्या नातेवाइकाचं नाव ठरवूनच ठेवा.

पायरी सहावी: कागदपत्रं

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मान्य आहे आणि त्यात मल्टिपल स्क्लेरॉसिसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज स्वावलंबन कार्डच्या संकेतस्थळावर करा, त्यातूनच यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळतं. तपासणीच्या दिवशी एमआरआयचे अहवाल न्याच, शिवाय तज्ज्ञाकडून एक पान लिहून घ्या: न थांबता किती अंतर चालता येतं, नजर किती, लघवीचा त्रास काय, अटॅक किती वेळा आले. सकाळी ताजंतवानं वाटत असताना तपासणी झाली तर दुपारी काय होतं हे तोंडाने सांगायला विसरू नका.

सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या कारणाने कामावरून काढता येत नाही आणि पदही कमी करता येत नाही, हे त्याच कायद्यात आहे. महापालिका आणि ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, म्हणून तिथेही अर्ज द्या. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा, दाखल होण्याआधी.

पायरी सातवी: जागृती करायचीच, तर कुणाची

जागतिक एमएस दिन २००९ पासून पाळला जातो, आता तो ३० मे रोजी असतो. त्या दिवशी सोलापुरात भर दुपारी फेरी काढणं म्हणजे ज्यांच्यासाठी फेरी आहे त्यांनाच घरी बसवणं. कार्यक्रम सकाळी सातला सिद्धेश्वर तलावाच्या परिसरात घ्या, किंवा संध्याकाळी पंखे, खुर्च्या, उतार आणि जवळ स्वच्छतागृह असलेल्या सभागृहात. गर्दी हवी असेल तर जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आणि गणेशोत्सव आहेतच. तेव्हा हवाही बरी असते.

पण सगळ्यात उपयोगी जागा गर्दीच्या नाहीत. चष्म्याची दुकानं, डोळ्यांचे आणि हाडांचे दवाखाने, फिजिओथेरपिस्ट, गल्लीतले फॅमिली डॉक्टर आणि आशाताई यांच्यापर्यंत पहिलं लक्षण पोचतं. तिथे जाऊन दहा मिनिटं बोला आणि एक पत्रक लावा. पत्रकावर तीनच गोष्टी: एका डोळ्याची नजर दुखून धूसर झाली, किंवा अंगाचा भाग २४ तासांपेक्षा जास्त बधिर राहिला, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा, यावर औषधं आहेत, हा संसर्गजन्य नाही. मराठीसोबत तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही छापा, नाहीतर अर्धं शहर वगळलं जाईल. भाषांतर त्या त्या वस्तीतल्या बाईला मोठ्याने वाचायला सांगून तपासा. यंत्रमाग आणि गारमेंट कारखान्यांच्या मालकांशी बोलताना पाळी बदलणं, पंखा आणि बसायची सोय एवढंच मागा. आकाशवाणी सोलापूरवर तज्ज्ञासोबत एखादा बरा असलेला रुग्ण बोलला तर उत्तम.

चाकाच्या खुर्चीचं घाबरवणारं चित्र टाळा. ते पाहून नुकतंच निदान झालेली मुलगी उपचारालाच येत नाही. रुग्णाचा फोटो आणि नाव लेखी परवानगीशिवाय वापरू नका. लग्नाळू मुलामुलींच्या बाबतीत तर दोनदा विचारा. सोयरीक ठरताना समोरच्या घराला पूर्ण खरं सांगावं या मताचा मी आहे, पण गल्लीला सांगायचं कर्ज कुणावर नाही.

भारतात मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते आणि तिची पुण्यात शाखा आहे. तिथून माहिती मिळवा. गावात दोन-तीन कुटुंबं जरी सापडली तरी भेटी सुरू करा: तळमजल्यावर, संध्याकाळी, महिन्यातून एकदा. व्हॉट्सअॅप गटात औषधांचे डोस सुचवणं आणि चमत्कारी इलाजांचे व्हिडिओ यांना पहिल्याच दिवशी बंदी घाला. सोबत करणाऱ्यांचा गट वेगळा करा, कारण काही गोष्टी रुग्णासमोर बोलता येत नाहीत. पत्रकावर फोन नंबर छापणार असाल तर तो उचलणारा माणूस आणि त्याच्या वेळा आधी ठरवा. फोन आलेल्या प्रत्येकाला आठवड्याने उलट फोन करून एवढंच विचारा: तज्ज्ञाला दाखवलं का, आणि नसेल तर काय अडलं?